रडण्याची फर्माईश

होमरच्या 'ओडिसी'त पोलाइटीस नावाचा एक खलाशी आहे. दहाव्या सर्गात तो एकदाच तोंड उघडतो. सर्सी नावाची चेटकीण घरात मागावर विणत गात असते, ओडिसियसची माणसं दाराशी घुटमळत असतात, आणि पोलाइटीस म्हणतो, आत कुणीतरी छान गातंय, हाक मारू या. हाक मारली जाते, दार उघडतं, पाहुणचार होतो आणि मंडळींची डुकरं होतात. हा माझा सगळ्यांत लाडका आणि भरवशाचा सोबती, असं ओडिसियस त्याच्याबद्दल जाता जाता सांगतो. पण लाडका का, हे सांगायला त्याला सवड होत नाही. जागतिक वाङ्मयाला पोलाइटीसनं दिलं काय, तर एक फसलेला सल्ला. पुढची सत्तावीसशे वर्षं त्याच्यासाठी कुणी डोळ्याला पदर लावल्याचं ऐकिवात नाही.

आज मात्र त्याच्या नावानं पोरं ढसाढसा रडतात. बसमध्ये रडतात, अभ्यासाच्या टेबलाशी रडतात, अंघोळीला जाऊन नळ सोडून रडतात. आणि रडून झालं की तेच गाणं पुन्हा लावतात.

याला कारणीभूत 'एपिक: द म्युझिकल'. होर्हे रिव्हेरा-हेरान्स या पोर्टो रिकोच्या तरुणानं विद्यापीठात शिकताना प्रकल्प म्हणून 'ओडिसी' हाती घेतली आणि मग ती खाली ठेवलीच नाही. टिकटॉकवर तुकड्या-तुकड्यानं गाणी ऐकवली, गायकांची निवडही लोकांसमोरच केली, आणि ओडिसियसची गाणी स्वतःच गायली. एकूण ४० गाणी, ९ भाग. पहिला भाग आला २५ डिसेंबर २०२२ ला आणि शेवटचा २५ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे ऐन नाताळात केक कापायचा सोडून लोक नाक पुसत बसले. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण दुःखाला कुठली बंदी? ते दुसऱ्या वाटेनं आलं.

गंमत म्हणजे हे नाटक रंगमंचावर नाहीच. पडदा नाही, नेपथ्य नाही, तिसरी घंटा नाही. नुसती गाणी. चित्रं काढण्याचं काम चाहत्यांनी आपखुशीनं अंगावर घेतलं आणि गाण्यागाण्यावर रेखाटनांच्या चित्रफिती केल्या. त्यांतल्या कित्येकांत पोलाइटीसला चष्मा आहे. चष्मा निघाला इटलीत, तेराव्या शतकात. पण चष्मा लावणारा मुलगा स्वभावानं गरीब असतो हे जगभर मान्य असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

तर हा चष्मेवाला पोलाइटीस सुरुवातीलाच एक गोड गाणं म्हणतो. दहा वर्षं लढलो, माणसं मारली, आता जरा मन मोकळं करू या, समोर येईल त्याला प्रेमानं भेटू या, अशी त्याची शिकवण. गोष्टीत एखादा माणूस इतकं चांगलं बोलायला लागला की त्याचं काही खरं नसतं, हे कुठल्याही मुरलेल्या प्रेक्षकाला कळतं. पुढच्या भागात पॉलिफीमसची गुहा, एकडोळ्या राक्षसाच्या हातात सोटा, आणि पोलाइटीस संपला. होमरनं त्याला निदान डुक्कर होईपर्यंत तरी जगवला होता. त्यामुळे झालं असं की, जे होमर वाचून, निर्धास्तपणे ऐकायला बसले, तेच जास्त फसले. 'अजून सर्सी यायचीय, तोवर याला धक्का नाही' या भरवशावर ते बसले होते.

या चाहत्यांच्या रडण्यात चांगली कामाची वाटणी आहे.

काही जण हिशेबनीस असतात. ओडिसियस ट्रॉयहून निघाला तेव्हा बरोबर ६०० माणसं, आणि इथाकाच्या किनाऱ्याला लागला तो एकटा. मधला सगळा खर्च यांना तोंडपाठ. गुहेत किती गेले, समुद्रदेव पोसायडननं गलबतं बुडवल्यावर ४३ कसे उरले, सहा तोंडांच्या सिलानं सहा जण कसे उचलले. दुकानातून सुटे किती परत आले हे ज्यांना धड सांगता येत नाही, अशी मुलं इथं एकेका खलाशाची नोंद ठेवतात आणि प्रत्येक नोंदीला थोडं थोडं रडतात.

काही जण वकील असतात. वादळ कोंडलेली वाऱ्याची पिशवी उघडली ती ओडिसियसच्या हाताखालच्या युरिलोकसनं. पण सहा मशाली पेटवून सहा जणांच्या हाती दिल्या गेल्या त्या ओडिसियसच्या हुकमानं, आणि सिलानं नेमके मशालवालेच गिळले. बरं, पुढं सूर्यदेवाची गुरं मारली ती खलाश्यांनी. पण तू मरतोस की तुझी माणसं, असं झ्यूसनं विचारलं तेव्हा ओडिसियसनं माणसं दिली. होमरकडे असा प्रश्न कुणी विचारतच नाही, त्यामुळे जुन्या निकालपत्राचा उपयोग शून्य. मग दोषी कोण? या खटल्याला तारखा पडतात, निकाल लागत नाही. दोन्हीकडचे वकील युक्तिवाद करता करता हुंदके देतात, एवढाच काय तो इतर कोर्टांशी फरक.

काहींचे कान नासलेले असतात. या संगीतात पात्रापात्राला वाद्य वाटून दिलंय. ओडिसियसला गिटार, अथीनाला पियानो, आणि पोसायडनला ट्रम्पेट. त्यामुळे मागच्या लग्नसराईत एका वरातीच्या बँडवाल्यानं दारात ट्रम्पेट फुंकला तेव्हा नवरदेवाकडची मंडळी नाचायला लागली आणि आमची पुतणी पांढरीफटक पडली. तिच्या दृष्टीनं आता नवऱ्यासकट सगळी वरात बुडणार होती.

पण सगळ्यांत जपून राहावं ते दीक्षा देणाऱ्यांपासून. हे लोक अतिशय लाघवी. 'एकच गाणं ऐक, फार गोड आहे' म्हणून ते पोलाइटीसचं गाणं तुमच्या कानात सोडतात. तुम्ही मान डोलावता. 'आवडला ना? छान आहे ना तो?' असं दोनदा विचारून घेतात. मग निरागस चेहऱ्यानं पुढचा भाग लावतात आणि हेडफोनचा आपल्या कानातला गोळा काढून ठेवतात. आता त्यांना गाणं ऐकायचंच नसतं. त्यांना तुमचं तोंड बघायचं असतं. तुमचा ओठ थरथरला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मुलीचं लग्न जमल्यावर बापाच्या चेहऱ्यावरही दिसत नाही.

आमच्या घरात हे प्रकरण शिरलं ते पोह्यांच्या वेळी. पुतणी खाता खाता एकदम थांबली, डोळे भरून आले, घास तसाच राहिला. आमच्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, ताबडतोब गॅस बंद केला.

"कोण गेलं गं?"

"पोलाइटीस."

"आडनाव?"

"त्याला आडनाव नाही, आजी. तो ग्रीक होता."

"असू दे. कशानं गेला?"

"राक्षसानं सोटा घातला डोक्यात."

"अरे देवा. कधीची गोष्ट?"

"झाली असतील तीन हजार वर्षं."

"मग दिवसकार्य उरकलं असेल." आईनं गॅस पुन्हा लावला. "आपल्याला सुतक नाही ना?"

"नाही."

"मग पोहे संपव. आणि तो गेला ते मलापण ऐकव."

मी मध्ये पडलो. म्हटलं, अगं, गोष्ट हजारो वर्षांची, शेवट जगाला ठाऊक, कोण मरणार, कोण घरी पोचणार, सगळं पुस्तकात छापलेलं. यात रडण्यासारखं नवीन काय आहे?

उत्तर पुतणीनं दिलं नाही, आईनं दिलं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा ती परकरी पोर होती. माडगूळकरांचं दर आठवड्याला एक गाणं, अशी ५६ गाणी, फडक्यांच्या चाली. त्यांच्या वाड्यात ज्या एका घरी रेडिओ होता तिथं गाण्याच्या आधी सडा पडायचा, रेडिओला हार आणि उदबत्ती व्हायची आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या तयारीनंच येऊन बसायच्या. "सीतेला वनात सोडणार हे आम्हाला काय माहीत नव्हतं?" आई म्हणाली. "माहीत होतं म्हणून तर लवकर जाऊन जागा धरायचो."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. पुतणीनं आजीच्या एका कानात गोळा बसवला. आईला इंग्रजी येत नाही. दर मिनिटाला 'आत्ता बोलला तो कोण?' असं विचारत तिनं सगळी गुहा ऐकली आणि शेवटी 'पोरगा चांगला होता' असा दाखला दिला.

आजची पिढी हळवी झाली, कशालाही रडते, अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा मूळ ग्रीक प्रेक्षकांचे प्रताप वाचावेत. इराणी फौजेनं इ. स. पू. ४९४ मध्ये मिलेटस हे शहर घेतलं आणि उद्ध्वस्त केलं. अथेन्सकरांना ते घरच्यासारखं. फ्रिनिकस नावाच्या नाटककारानं त्यावर ताजं ताजं नाटक रचलं आणि सगळं प्रेक्षागार रडायला लागलं. कुठल्याही नाटककाराला याहून मोठी पावती ती कोणती? अथेन्सकरांनी त्याला पावती दिली ती १००० द्राख्मांच्या दंडाची. आपलंच दुःख आपल्याला आठवून दिलं हा गुन्हा, आणि हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही, असा हुकूम वर. यातून धडा एवढाच की रडवायचं असेल तर दुसऱ्याच्या आणि जुन्या दुःखावर रडवावं. पोलाइटीसला तीन हजार वर्षं झाली, तेव्हा दंडाची भीती नाही.

त्याच ग्रीसमध्ये फेराई गावी अलेक्झांडर नावाचा सत्ताधीश होता. जगज्जेता तो वेगळा. हा नुसताच जुलमी. प्लूटार्कनं लिहून ठेवलंय की युरिपिडीसचं 'ट्रोजन स्त्रिया' बघता बघता हा मध्येच उठून चालता झाला. वर नटाला निरोप धाडला की मनाला लावून घेऊ नकोस, काम चांगलं चाललंय. अडचण वेगळी होती. ज्यानं इतक्या माणसांचे मुडदे पाडताना डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तो नाटकातल्या ट्रॉयच्या राणीच्या, हेक्युबाच्या दुःखानं रडताना गावाला दिसला असता तर दरारा गेला असता. आमच्या ओळखीतले एक कडक शिस्तीचे गृहस्थ मुलीच्या खोलीतून ही गाणी ऐकू यायला लागली की पाण्याची मोटर बंद करायला गच्चीवर जातात. मोटर आपोआप बंद होणारी आहे.

आणि ज्यांच्यामुळे हे रडणं चालतं त्या गाणाऱ्यांचं काय? प्लेटोच्या एका संवादात आयन नावाचा होमरगायक भेटतो. नुकताच स्पर्धेत पहिला येऊन बक्षीस घेऊन आलेला, त्यामुळे बोलायला मोकळा. करुण प्रसंग गाताना माझेही डोळे भरून येतात, असं तो सॉक्रेटिसला सांगतो. आणि पुढं हेही सांगतो की गाताना माझी नजर खाली प्रेक्षकांवर असते; ते रडले तर पैसे घेताना मी हसेन, ते हसले तर पैसे बुडाले म्हणून मी रडेन. इतका प्रांजळ कलावंत पुन्हा झाला नाही. प्लेटोनं पुढं आपल्या आदर्श राज्यातून कवींना हद्दपार केलं, पण तसं करताना एक गोष्ट कबूल केली: नायकाचा विलाप ऐकताना आपल्यातली भलीभली माणसंही वाहवत जातात आणि त्यांना ते आवडतं. बंदी घालायची ती म्हणूनच.

पण या सगळ्यांच्या आधीचा, ग्रीक पुराणकथेवरचं गाणं ऐकून रडणारा मूळ पुरुष खुद्द 'ओडिसी'तच बसलाय.

आठव्या सर्गात ओडिसियस फायेशियन लोकांच्या बेटावर आहे. जहाज नाही, माणसं नाहीत, अंगावरचे कपडेही दुसऱ्यांनी दिलेले. राजा अल्किनूस नावगाव न विचारता त्याला पंगतीला बसवतो आणि डेमोडोकस हा आंधळा गवई गायला लागतो. विषय, ट्रॉयचं युद्ध. म्हणजे ज्याची गोष्ट, तोच श्रोत्यांत, आणि गवयाला पत्ता नाही. ओडिसियस काय करतो? आपला जांभळा झगा डोक्यावरून ओढून घेतो आणि आत रडतो. गाणं थांबलं की डोळे पुसतो, झगा खाली घेतो, देवांना मद्य वाहतो, जणू काही झालंच नाही. पंगत म्हणते, गा अजून. गाणं सुरू, झगा वर. आजच्या मुलांची डोक्यावर ओढायची टोपीवाली जाकिटं निघाली त्याच्या कितीतरी आधी ही सोय झालेली होती.

इथपर्यंत ठीक आहे. बेसावध होता, कानावर पडलं, रडला. खरी मेख पुढं आहे. रात्रीच्या जेवणाला ओडिसियस आपल्या पानातला डुकराच्या पाठीचा चरबीदार तुकडा कापून गवयाकडे पाठवतो, त्याची तोंड भरून स्तुती करतो, आणि म्हणतो, आता ते लाकडी घोड्याचं होऊन जाऊ दे. दुपारी याच गवयानं रडवलेलं आहे. घोड्याची युक्ती याची स्वतःची, घोड्यात हा स्वतः बसलेला, शेवट याच्याइतका कुणालाच माहीत नाही. तरी फर्माईश करून, वर खाऊ पाठवून, तेच गाणं मागून घेतो. आणि मग असा रडतो की होमरला उपमा सुचते ती नवऱ्याच्या प्रेतावर कोसळलेल्या बाईची, जिला शत्रू भाले टोचून गुलामीत हाकलत नेतायत. म्हणजे ट्रॉयच्याच बाईची. ज्यानं शहर पाडलं त्याच्या डोळ्यांतून पाडलेल्यांचं पाणी येतं. पोरं ज्या गाण्याला 'हे लावू नको, मी मरेन' म्हणतात आणि लगेच लावतात, त्यात याहून वेगळं काही घडत नाही. पाठ असलेल्या गोष्टीत रडायची जागा आधीच ठरलेली असते, आणि माणूस तिथं आपली जी काही शिल्लक असेल ती नेऊन ठेवतो. एरवी ती कुठं ठेवायची हा प्रश्नच असतो.

गीतरामायणातही कुश-लव रामाची गोष्ट रामासमोरच गातात, याची आठवण आईनं करून दिली. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय नायकांनाही ती पुरती कळत नसावी.

तिकडे ओडिसियसच्या घरी, इथाकात, याआधी काय चाललेलं असतं, तेही होमरनं पहिल्या सर्गात सांगून ठेवलंय. ग्रीकांच्या परतीच्या हालांचं गाणं चाललेलं असतं. त्याची बायको पेनेलोपी जिन्यावरून खाली येते आणि म्हणते, हे बंद करा, दुसरं काहीतरी गा, मला सोसवत नाही. यावर चिरंजीव टेलेमाकस आईलाच सुनावतात: गवयाचा काय दोष? जे सगळ्यांत नवीन असतं तेच लोकांना आवडतं. तू वर जा, आपलं विणकाम बघ. गाण्याचा आवाज कमी कर म्हणणारी आई आणि 'सध्या हेच चालतं' म्हणणारं कार्टं, ही जोडी त्या काळातही अशी सराईत भांडते की पहिल्यांदाच भांडत असावी असं वाटत नाही.

तेव्हा घरातलं कुणी हेडफोन लावून, डोक्यावर टोपी ओढून बसलेलं दिसलं तर काय करावं? उपदेश करू नये. टेलेमाकसला तो शोभला नाही, आपल्याला कुठला शोभणार. दंड करू नये, अथेन्सकर अजून त्यासाठी लक्षात आहेत. अल्किनूसनं केलं ते करावं. सगळ्या पंगतीत पाहुण्याचे हुंदके एकट्या त्याला ऐकू गेले. पहिल्या वेळी त्यानं कुणाला कळू न देता विषय बदलला: चला, जेवणं झाली, गाणं झालं, आता जरा मैदानावर जाऊन खेळ बघू. दुसऱ्या वेळी मात्र गवयाला थांबवून सरळ विचारलं, बाबा रे, तू आहेस कोण, आणि ट्रॉयचं नाव निघालं की रडतोस का?

हा दुसरा प्रश्न विचारताना मात्र विचार करावा. ओडिसियसनं त्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली ती नवव्या सर्गात आणि संपवलं बाराव्यात. एकडोळ्या राक्षस, वाऱ्याची पिशवी, सर्सी, सिला, आणि त्या सगळ्यात तो दोन ओळींचा पोलाइटीस, हे सगळं 'का रडतोस?' या एका प्रश्नाचं उत्तर आहे. मध्येच तो म्हणाला होता, आता झोपू या. पण अल्किनूस म्हणाला, रात्र मोठी आहे, चालू दे. आमची पुतणी झोपू या म्हणत नाही. म्हणून विचारायचंच असेल तर जेवणं उरकून, फोन चार्जिंगला लावून, दुसऱ्या दिवशी रविवार आहे याची खात्री करून विचारावं.